एकटीने केलेला अ‍ॅक्शन अ‍ॅनिमेशनपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोल दरीवरचा एक जुना पूल, त्याची राखण करणारी एक बाई आणि एका रात्रीत तो पूल ओलांडू पाहणारे सात जण. एवढ्याशा गोष्टीवरचा माझा ५१ मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट पुरा व्हायला जवळजवळ सहा वर्षं लागली. तो पाहून लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात स्वतःचा चित्रपट घोळत असतो आणि त्यांचे प्रश्नही बहुतेक सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे.

‘जवळजवळ एकटीने’ म्हणजे नेमकं किती एकटीने?

गोष्ट, स्टोरीबोर्ड (चौकटींच्या चित्रांतून मांडलेली गोष्ट), मॉडेलिंग (पात्रं आणि जागा संगणकात घडवणं), रिगिंग (पात्राला हलवता येईल असा आतला सांगाडा, म्हणजे रिग, बसवणं), अ‍ॅनिमेशन, प्रकाशयोजना, रेंडर (संगणकाकडून अंतिम चित्रं काढून घेणं) आणि संकलन माझं. संगीत एका मित्राचं. पात्रांना आवाज दिले तिघांनी. शेवटचं ध्वनिमिश्रण एका अनुभवी ध्वनिसंयोजकाने केलं, आणि मुख्य झुंजीचे डाव युद्धकला शिकवणाऱ्या एका बाईंनी माझ्यासमोर प्रत्यक्ष करून दाखवले. याशिवाय चार मित्रमैत्रिणींनी सहा वर्षं दर काही महिन्यांनी कच्चा चित्रपट बसून पाहिला आणि कुठे कंटाळा आला ते तोंडावर सांगितलं. हे चौघे नसते तर चित्रपट ८० मिनिटांचा झाला असता आणि कुणी शेवटपर्यंत पाहिला नसता. म्हणून ‘जवळजवळ’ हा शब्द मी कधीच गाळत नाही.

एका माणसाला हे खरंच झेपतं का?

झेपतं. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी ‘अवे’ हा ७५ मिनिटांचा चित्रपट साडेतीन वर्षं एकट्याने केला, त्याचं संगीतसुद्धा स्वतःच दिलं, आणि २०१९ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्या चित्रपटात एकही संवाद नाही. जपानमध्ये माकोतो शिंकाई यांनी २००२ साली सुमारे २५ मिनिटांची, यंत्रमानवांच्या लढाया असलेली अंतराळकथा घरच्या संगणकावर जवळजवळ एकहाती केली. संगीत मात्र दुसऱ्याचं होतं, आणि पहिल्या आवृत्तीतले आवाज त्यांचे स्वतःचे व त्यांच्या तेव्हाच्या वाग्दत्त वधूचे होते.

या दोन्ही उदाहरणांत कष्टांइतकीच आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. गोष्ट लिहितानाच त्यांनी ती एका माणसाच्या आवाक्यात ठेवली होती. संवाद नसले की ओठांच्या हालचाली करायला नकोत. शिंकाई यांच्या कथेतल्यासारखी दोन माणसं एकमेकांपासून प्रचंड अंतरावर असली की दोघांना एका चौकटीत आणायला नको. मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटाची लहान प्रतिकृती करायला निघालेले लोक मधेच थांबतात, असं मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

किती वर्षं धरून चालू?

माझा हिशेब देते. ५१ मिनिटं म्हणजे ३,०६० सेकंद. शॉट ६१०, म्हणजे सरासरी पाच सेकंदांचा एक. वर्षाला साधारण ३०० दिवस कामाचे धरले तर सहा वर्षांत १,८०० दिवस होतात. भागाकार करा: दिवसाला १.७ सेकंद. यात गोष्ट लिहिण्यापासून अखेरच्या रेंडरपर्यंत सगळं आलं.

तुमचा वेग आधीच मोजायचा असेल तर चित्रपटातला एक मध्यम अवघड शॉट निवडा आणि तो अगदी शेवटपर्यंत, रंग आणि आवाजासकट, पुरा करा. त्याला लागलेले तास गुणिले शॉटची संख्या. येणारा आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसतो. तो धक्का पहिल्या महिन्यात बसलेला बरा, कारण तेव्हा गोष्ट बदलता येते.

गोष्ट कशी निवडली?

सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नाला द्या, कारण इथे गाळलेलं एक पान पुढे दोन महिने वाचवतं.

माझ्या पहिल्या मसुद्यात बाजारातला पाठलाग होता, घोडे होते, पाऊस होता आणि शेवटी गावाला लागलेली आग होती. कागदावर ते फार सुंदर दिसत होतं. मग प्रत्येक प्रसंगापुढे मी दोन प्रश्न लिहिले: यासाठी नवीन काय बनवावं लागेल, आणि बनवलेलं पुन्हा किती वेळा वापरता येईल? बाजारासाठी पन्नास माणसं, त्यांचे कपडे, दुकानं, सामान, आणि हे सगळं फक्त ४० सेकंदांसाठी. घोड्याचा रिग तर वेगळीच विद्या आहे. चार पायांची चाल जमायला मला वर्ष गेलं असतं.

उरला तो पूल. एकच जागा असली की तिच्यावर मनापासून मेहनत घेता येते. लाकडाची प्रत्येक फळी, दोरांचे पीळ, मधला तुटका भाग. प्रेक्षकाला ती जागा पाठ होते, आणि झुंजीत ते फार कामाला येतं. तुटका भाग कुठे आहे हे त्याला आधीच ठाऊक असलं की पात्र मागे सरकताना त्याच्याच पोटात गोळा येतो.

धुकंही मी जाणूनबुजून निवडलं. दरी अथांग आहे असं वाटायला हवं, पण दरी बनवायला नको. धुक्यातून सात जण एकेक करून पुढे येतात, त्यामुळे एका वेळी चौकटीत दोन किंवा तीनच पात्रं असतात. सातांपैकी पाच जण एकाच मूळ शरीरावर बेतलेले आहेत. उंची, खांदे, चाल आणि हत्यार बदललं. सगळ्यांच्या तोंडाला फडकं बांधलेलं आहे. राखणदार बाईचा चेहरा मात्र उघडा ठेवला, कारण भाव जिथे दिसायलाच हवेत तिथे काटकसर केली तर चित्रपटात जीव राहत नाही.

टूडी की थ्रीडी?

ज्यात तुमचा हात आधीपासून बसलेला आहे ते. चित्रकार असाल तर थ्रीडी शिकण्यात दोन वर्षं घालवू नका.

अ‍ॅक्शनपुरतं बोलायचं तर फरक असा आहे. हाताने चित्र काढताना शरीर हवं तसं ताणता, वाकवता येतं. एका चित्रात मूठ डोक्याएवढी करता येते आणि फटक्याला जी ताकद येते ती थ्रीडीत सहज येत नाही. पण कॅमेरा फिरवायचा म्हटला की दर चित्रात सगळं नव्याने काढावं लागतं. थ्रीडीत पात्र आणि जागा एकदा बनवली की कॅमेरा कुठेही ठेवता येतो, आणि सहा वर्षांनी ‘हा शॉट डावीकडून हवा होता’ असं वाटलं तरी बदलता येतो. मला संकलन करताना मन बदलायची सवय आहे, म्हणून मी थ्रीडी घेतलं. धूळ, ठिणग्या, पात्याची चमक हे मात्र हाताने काढून वर बसवलं. त्याने सगळ्या चित्रालाच हाताचा स्पर्श येतो.

कोणती सॉफ्टवेअर वापरली? महागडी घ्यावी लागतात का?

नाही. मी ब्लेंडर वापरलं. ते २००२ पासून मुक्त स्रोत आहे आणि फुकट आहे. झिल्बालोडिस यांचा पुढचा चित्रपट ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच झाला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. साधन कमी पडतं ही शंका तिथेच मिटायला हवी. चित्रांसाठी क्रिटा, संकलन आणि रंगांसाठी डाव्हिन्ची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनसाठी ओपनटून्झ आहे, तेही २०१६ पासून मुक्त स्रोत.

एकच सांगणं: चित्रपट सुरू झाला की सॉफ्टवेअरची आवृत्ती गोठवा. चौथ्या वर्षी मी नव्या आवृत्तीवर गेले आणि जुन्या रिगमधल्या काही जोडण्या तुटल्या. तीन आठवडे नुसती दुरुस्ती केली.

अ‍ॅनिमॅटिक न करता थेट अ‍ॅनिमेशन सुरू केलं तर?

करू नका. अ‍ॅनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार लावून, कच्चे आवाज घालून केलेला अख्खा चित्रपट. मी त्यावर दहा महिने घालवले. पहिला ८० मिनिटांचा होता. चौथा ५१ मिनिटांवर आला. जी २९ मिनिटं कापली, ती नुसती काड्यांची माणसं होती. तीच पूर्ण अ‍ॅनिमेशन झाल्यावर कापावी लागली असती तर, माझ्या वेगाने, तीन वर्षांहून जास्त काम फेकलं गेलं असतं.

पुढे प्रत्येक पुरा झालेला शॉट त्याच पट्टीवर जुन्या चित्राच्या जागी बसवत गेले. त्यामुळे चित्रपट पहिल्या वर्षापासूनच सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहता येत होता.

माझी मारामारी पाण्यात चालल्यासारखी वाटते. काय चुकतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि माझीही पहिली दोन वर्षं याच्यातच गेली.

पहिलं कारण: सगळ्या हालचाली एकाच वेगाने होत असतात. संगणक दोन कीफ्रेमच्या, म्हणजे आपण ठरवून दिलेल्या दोन मुद्रांच्या, मधलं अंतर गुळगुळीत भरून देतो आणि त्या गुळगुळीतपणामुळेच जडपणा हरवतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर माझ्या चित्रपटातला एक साधा ठोसा असा आहे: आठ फ्रेम अंग मागे खेचणं, दोन फ्रेम प्रत्यक्ष हात सुटणं, आणि मग लागल्यानंतर तीन फ्रेम जवळजवळ सगळं थिजलेलं. त्यानंतर मार खाल्लेलं शरीर दहा-बारा फ्रेम मागे जातं. म्हणजे प्रत्यक्ष फटका सगळ्यांत कमी वेळ दिसतो. डोळ्याला फटका कळतो तो आधीच्या तयारीवरून आणि नंतरच्या परिणामावरून. मूठ गालाला टेकते ती नेमकी फ्रेम मी बहुतेक ठिकाणी ठेवलीच नाही. एका फ्रेममध्ये मूठ अलीकडे, पुढच्या फ्रेममध्ये मान वळलेली. मधलं प्रेक्षक स्वतः भरतो आणि ते जास्त जोरात भरतो.

दुसरं कारण: जोर हातात शोधला जातो. जोर जमिनीतून येतो. पाय रोवला जातो, कंबर वळते, मग खांदा, मग कोपर आणि सगळ्यांच्या शेवटी मनगट. सगळे अवयव एकाच फ्रेममध्ये सुटले तर बाहुली हलल्यासारखं वाटतं. मी आधी फक्त कंबर आणि पाय अ‍ॅनिमेट करते, हात अंगाला चिकटलेले ठेवून. तेवढ्यावरून कोण कुणाला मारतंय हे कळलं तरच हातांकडे जाते. डाव बसवून देणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी पवित्रा बघायला शिकवलं: वजन कोणत्या पायावर आहे त्यावरून पुढचा डाव ठरतो. पुढच्या पायावर सगळं वजन असलेला माणूस तोच पाय उचलून लाथ मारू शकत नाही. आधी वजन मागे घ्यावं लागतं. ही मधली वजनाची अदलाबदल बहुतेक हौशी अ‍ॅनिमेशनमध्ये गाळलेली असते आणि तिथेच पात्रं तरंगायला लागतात.

तिसरं कारण गोष्टीतलं आहे. ठोसा, चुकवणं, ठोसा, चुकवणं असं चाळीस सेकंद चाललं तर कितीही सफाई असली तरी लक्ष उडतं. दर आठ-दहा सेकंदांनी काहीतरी बदललं पाहिजे: हत्यार निसटलं, जागा बदलली, कुणीतरी जखमी झालं, कुणाला काहीतरी उमगलं. माझ्या चौथ्या झुंजीत राखणदाराचा उजवा हात निकामी होतो. त्यानंतरचा प्रत्येक डाव तिला डाव्या हाताने खेळावा लागतो, आणि प्रेक्षक तिच्याबरोबर विचार करू लागतो. त्या झुंजीतले एकूण वार पहिल्या झुंजीच्या निम्मेही नाहीत.

आणि विराम. दोघं समोरासमोर उभे, फक्त श्वास चाललेला, असा दोन सेकंदांचा शॉट ठेवायला मन धजत नाही, कारण त्यात ‘काम’ दिसत नाही. पण पुढचा वार जोरदार वाटतो तो त्या शांततेमुळेच.

मोशन कॅप्चर वापरलं तर काम लवकर होईल?

चालणं, वळणं, बसणं, पडून उठणं यासाठी होईल. मोकॅपचे, म्हणजे खऱ्या माणसाच्या टिपलेल्या हालचालींचे, फुकट मिळणारे साठे आहेत, घरच्या कॅमेऱ्यावरून हालचाल टिपणारी साधनं आहेत आणि अंगात घालायचे सेन्सरचे पोशाखही आता पूर्वीइतके दुर्मीळ नाहीत. मात्र खरा माणूस समोरच्याला लागू नये म्हणून हात आखडता घेतो, आणि ते आखडणं पडद्यावर दिसतं. टिपलेल्या हालचालीत दर फ्रेमला कीफ्रेम असते, त्यामुळे दुरुस्ती किचकट होते, आणि पाय घसरतात ते वेगळंच.

मी मधला मार्ग घेतला. डावांचं दोन बाजूंनी व्हिडिओ चित्रण केलं, त्यातल्या महत्त्वाच्या मुद्रा निवडल्या आणि त्या हाताने, नेहमीपेक्षा ताणून, बसवल्या. फ्रेममागून फ्रेम नक्कल केली नाही. नक्कल केली की खरा फटका पडद्यावर मिळमिळीत दिसतो.

कॅमेरा कसा हलवावा?

कमी. आभासी कॅमेरा कुठूनही उडवता येतो म्हणून उडवला तर प्रेक्षकाला दिशा कळेनाशी होते. मी पुलालाच अक्ष मानलं: राखणदार नेहमी चौकटीच्या डावीकडे, चालून येणारे उजवीकडे. कॅमेरा पुलाच्या एकाच बाजूला राहिला. फक्त एकदा, तिला पाठीमागून वेढलं जातं तेव्हा, तो पलीकडे जातो. तेव्हा पाहणाऱ्याला अस्वस्थ वाटतं आणि तेच हवं होतं.

दुसरी काळजी नजरेची. एक शॉट संपताना प्रेक्षकाची नजर जिथे असते, पुढचा शॉट सुरू होताना महत्त्वाची गोष्ट त्याच्या आसपास असू द्या. वेगवान कट तेव्हाच वाचता येतात.

रिग स्वतः बनवावा की तयार घ्यावा?

तयार घ्या आणि गरजेपुरता बदला. ब्लेंडरमधलं रिगिफाय दोन पायांच्या पात्रांना पुरतं. हत्यार एका हातातून दुसऱ्या हातात जाणं, जमिनीवर पडणं, पुन्हा उचलणं याची सोय मात्र अ‍ॅनिमेशन सुरू करायच्या आधीच करून तपासा. लांब केस आणि सैल वस्त्रं टाळा. राखणदाराच्या खांद्यावरच्या शालीसाठी मी कापडाचं सिम्युलेशन लावलं होतं, आणि दर झुंजीत शाल शरीरात घुसायची. शेवटी तिच्यात रिगची सहा हाडं घालून ती हाताने हलवली. काम वाढलं नाही, उलट कमी झालं, आणि शाल आता तिच्या रागाबरोबर फडकते.

रेंडरला किती वेळ लागतो? घरच्या संगणकावर होईल का?

५१ मिनिटं गुणिले ६० गुणिले २४ म्हणजे ७३,४४० फ्रेम. एका फ्रेमला तीन मिनिटं लागली तर १५३ दिवस संगणक अखंड चालला पाहिजे. वीस सेकंद लागली तर १७ दिवस. आणि प्रत्येक शॉट एकदाच रेंडर होत नाही. माझा सरासरी तीनदा झाला. म्हणून फ्रेमला किती सेकंद द्यायचे हे चित्रपटाची शैली ठरवतानाच ठरवावं लागतं.

मी ईव्ही हे ब्लेंडरमधलं झटपट चालणारं रेंडर इंजिन घेतलं. सायकल्समध्ये प्रकाश अधिक खरा येतो, पण माझ्या सपाट, रंगवलेल्या शैलीला त्याची गरज नव्हती. धुकं खऱ्या घनतेचं न ठेवता कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचा वेगळा थर रेंडर करून नंतर मिसळलं. कॅमेरा स्थिर असेल तिथे मागचं दृश्य एकदाच रेंडर केलं आणि त्याच्यावर फक्त पात्रं हलवली. माझे २०० हून अधिक शॉट असे आहेत.

रेंडर नेहमी सुट्या चित्रांच्या मालिकेत करा, थेट व्हिडिओत नको. रात्री तीन वाजता वीज गेली तर मालिकेत एक फ्रेम जाते, व्हिडिओची मात्र अख्खी फाइल हातातून जाऊ शकते.

बॅकअप किती ठेवता?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या आणि बॅकअपही नीट चालत नसल्याचं तेव्हाच लक्षात आलं. बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या एका सहकारी बाईंच्या घरच्या संगणकावर प्रत होती म्हणून काम वाचलं. एवढ्या मोठ्या स्टुडिओत हे घडू शकतं. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, महिन्यातून एकदा त्यातून एखादा शॉट उघडून पाहा.

आवाजाचं काम शेवटी केलं तर चालेल?

कच्चा आवाज पहिल्या दिवसापासून हवा. फटका किती जड वाटतो हे निम्मं कानांवर ठरतं. माझा एक शॉट सहा वेळा सुधारूनही लागत नव्हता. लाकडावर आपटल्याचा खोल आवाज घातला आणि अ‍ॅनिमेशनला हात न लावता तो लागू पडला.

फोली, म्हणजे हालचालींना जुळणारे आवाज वस्तूंनी काढून मुद्रित करणं, मी घरीच केली: ओल्या चामड्याच्या तुकड्याची पिळवटणारी करकर, भाजीचे देठ मोडल्याचा आवाज, जुन्या लाकडी खाटेची कुरकुर. रात्री पंखे बंद करून, गादीच्या आडोशाला माइक ठेवून. एका फटक्यात तीन थर असतात: हवा कापल्याचा, आदळल्याचा आणि नंतर कपड्याचा किंवा लाकडाचा. ध्वनिमिश्रण मात्र दुसऱ्याकडे द्या. वर्षानुवर्षं तेच आवाज ऐकून आपल्याला संवाद पाठ झालेले असतात, त्यामुळे ते बुडालेत हेच कळत नाही.

संगीत तयार घेतलं तर?

हक्क तपासल्याशिवाय चित्रपटात एक सेकंदही ठेवू नका. अमेरिकेच्या नीना पेली यांनी २००८ चा आपला ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा अ‍ॅनिमेशनपट जवळजवळ एकटीने केला तेव्हा त्यात १९२० च्या दशकातली गाणी होती. ध्वनिमुद्रणं जुनी होती, पण मूळ गीत-संगीताचे हक्क जिवंत होते, आणि चित्रपट बाहेर आणण्यासाठी त्यांना हक्कदारांना पैसे भरावे लागले. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि रचनेचा वेगळा, हे ध्यानात ठेवा. मित्र संगीत देत असला तरी लेखी करार करा. महोत्सव आणि वितरक तो मागतात.

एआय वापरलं का?

चित्रांसाठी नाही. अ‍ॅक्शनमध्ये एका फ्रेमचा फरक महत्त्वाचा असतो, आणि ‘हा खांदा दोन फ्रेम आधी वळव’ इतका ताबा मला हवा असतो. शिवाय प्रत्येक चौकट मी ठरवलेली असावी म्हणूनच तर मी हा चित्रपट एकटीने करायला घेतला. रेंडरमधला दाणेदारपणा काढणारी साधनं वापरली. ती आता सगळीकडे असतात.

नोकरी सांभाळून जमेल का?

मी पहिली चार वर्षं नोकरी केली. सकाळी पाच ते साडेसात चित्रपट, मग नोकरी. रात्री फक्त रेंडर लावायचं. थकल्या डोळ्यांनी केलेलं अ‍ॅनिमेशन सकाळी पुसावंच लागायचं, म्हणून रात्रीचं काम सोडलं. कामाची वाटणीही डोक्याच्या अवस्थेप्रमाणे केली: ताजं असताना अभिनय आणि झुंजी, शिणलेलं असताना फाइलींची नावं, फळ्यांचे पोत, दोर. शेवटची दोन वर्षं साठवलेल्या पैशांवर पूर्ण वेळ दिला.

मनगटाकडे दुर्लक्ष करू नका. तिसऱ्या वर्षी माझा उजवा हात दोन महिने पूर्ण बंद होता. आता दर ४० मिनिटांनी उठते.

मधेच सगळं फोल वाटायला लागलं तर?

वाटतं. मला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वाटलं, कारण तोवरचं माझं कामच सुधारलं होतं आणि पहिले शॉट बघवेनात. ते परत करायला घेतले असते तर मी अजून तिथेच असते. एक वही केली, तिच्यात खुपणाऱ्या प्रत्येक शॉटचा क्रमांक लिहिला आणि ठरवलं की चित्रपट शेवटपर्यंत गेल्याशिवाय वही उघडायची नाही. शेवटी वहीत ९० शॉट होते. त्यातले ३१ पुन्हा केले. उरलेले संकलनात, आवाजात मिसळून गेले आणि आजवर कुणीही त्यांच्याबद्दल विचारलेलं नाही.

पूर्ण झाल्यावर दाखवायचा कुठे?

लांबीचा विचार आधीच करा. ऑस्करच्या नियमांत ४० मिनिटांपर्यंतचा लघुपट आणि त्याहून मोठा तो पूर्ण लांबीचा. बऱ्याच महोत्सवांची रेषा वेगळी असते. माझी ५१ मिनिटं दोन्हींच्या मधे अडकली आणि कित्येक ठिकाणी अर्जच करता आला नाही. ३० च्या आत किंवा ७० च्या वर असतं तर वाट सोपी झाली असती.

इंटरनेटवर टाकण्याची घाई करू नका. अनेक महोत्सवांना पहिलं प्रदर्शन आपल्याकडे हवं असतं. प्रवेशशुल्काचे पैसे बाजूला काढून ठेवा आणि मोजक्याच, अ‍ॅनिमेशनला खरोखर जागा देणाऱ्या महोत्सवांना पाठवा. थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे तिथल्या प्रोजेक्टरवर चालणारी चित्रपटाची डिजिटल प्रत, लागतो. डीसीपी-ओ-मॅटिक या फुकट सॉफ्टवेअरने तो घरी करता येतो. टूके रुंद चौकट २०४८ × ८५८ आणि फ्लॅट १९९८ × १०८० अशी असते. चौकटीचं हे प्रमाण स्टोरीबोर्डच्या आधीच ठरवा. आणि पाठवण्यापूर्वी तो एकदा खऱ्या थिएटरमध्ये लावून पाहा. माझी रात्रीची दृश्यं मोठ्या पडद्यावर इतकी काळी आली की शेवटची झुंज दिसेना. सगळ्या चित्रपटाचे रंग पुन्हा लावावे लागले.

मला आजच सुरुवात करायची आहे. आधी काय करू?

दोन पात्रं, एक दार, पाच सेकंद. एकाला आत यायचंय, दुसऱ्याला येऊ द्यायचं नाही. पात्रं तयार रिगची चालतील, भिंत करडी चालेल. आधी वहीत सहा चौकटी काढा. मग अ‍ॅनिमेशन, प्रकाश, रेंडर, आवाज, सगळं करा आणि एक फाइल बनवा. कुणाला तरी आवाज बंद ठेवून दाखवा आणि काय घडलं ते विचारा. मग आवाज लावून पुन्हा दाखवा. किती तास लागले ते लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात तेच दार, तीच पात्रं, पण या वेळी आत येणाऱ्याच्या हातात काहीतरी जपून आणलेलं आहे.